पालकाला नत्र किती आणि कधी: बारा वाफ्यांच्या नोंदी

२ नोव्हेंबर

बारा वाफे आखून झाले. प्रत्येक वाफा एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मधे दीड फुटाची वाट, म्हणजे एकाचं खत दुसऱ्याच्या मुळांना मिळणार नाही. चार प्रकार, प्रत्येकाचे तीन वाफे. क ला वरून काहीच नाही. ख ला चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र, ग ला १०, घ ला १५. हेक्टरच्या भाषेत अनुक्रमे ५०, १०० आणि १५० किलो. कुठला वाफा कशाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण उत्तरेकडच्या तीन वाफ्यांना ऊन जरा जास्त मिळतं आणि तिथे नकळत माझ्या आवडीचा प्रकार गेला असता.

प्रश्न एकच आहे. पालेभाजीला नत्र लागतं हे कोणीही सांगेल. पान म्हणजेच आपलं पीक, आणि पानाचा हिरवेपणा नत्रावरच उभा असतो. पण शेवटचा हप्ता, कापणीच्या तोंडावर भाजी ‘उठावी’ म्हणून दिलेला, तो पानात वजन होऊन येतो का नुसता नायट्रेट (मुळं मातीतून उचलतात ते नत्राचं रूप) होऊन साठतो, हे मला स्वतःच्या हाताने मोजून बघायचं आहे.

बियाण्याबद्दल एक खुलासा आत्ताच लिहून ठेवते. पालक या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती लावल्या जातात. एक स्पिनेशिया ओलेरेशिया, दुसरी बीटाची बहीण, बीटा वल्गारिस. कूळ एकच आणि नायट्रेट साठवायची खोडही दोघींना, पण वाढ वेगळी, कापण्या वेगळ्या. माझं बी स्पिनेशियाचं आहे. पुढचे सगळे आकडे त्याचेच.

३ नोव्हेंबर

पेरणीआधी मातीतलं नायट्रेट मोजलं. पद्धत साधी आहे: लिटरभर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड विरघळवायचं. त्यातलं ३० मिलि नळकांड्यात घ्यायचं आणि पातळी ४० मिलिवर येईपर्यंत ओली माती टाकत जायचं. खूप हलवायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या नितळ पाण्यात नायट्रेट मोजायची, रंग बदलणारी पट्टी बुडवायची. कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात, नाहीतर गढूळ पाण्यात रंग वाचताच येत नाही.

पट्टी २५ दाखवते, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम नायट्रेट. मध्यम पोताच्या ओल्या मातीसाठी हा आकडा दोनने भागायचा, म्हणजे मातीत नायट्रेटच्या रूपातलं नत्र साडेबारा पीपीएम (दहा लाख भागांत साडेबारा भाग). वरच्या ३० सेंटिमीटर थरात चौरस मीटरला साधारण ३९० किलो माती धरली, तर एक पीपीएम म्हणजे ०.३९ ग्रॅम. म्हणजे खताची पिशवी उघडण्याआधीच वाफ्यात जवळजवळ ५ ग्रॅम नत्र आहे!

हा हिशोब करताना मी दोनदा थांबले. इतकी वर्षं मी वाफा रिकामा आहे असं समजूनच खत दिलं आहे.

महिन्यापूर्वी सगळीकडे सारखं दोन-दोन किलो कंपोस्ट मिसळलं होतं. निम्मं पाणी वजा केलं आणि कोरड्यात दीड टक्का नत्र धरलं, तर १५ ग्रॅम होतात. पण ते सेंद्रिय रूपात बांधलेलं. या हंगामात त्याचा दहावा हिस्सा सुटला तरी खूप, म्हणजे दीड ग्रॅम. विहिरीच्या पाण्यातही पट्टी बुडवून पाहिली, १० आली. हंगामभर दीडशे लिटर पाणी धरलं तरी त्यातून येणारं नत्र अर्ध्या ग्रॅमहून कमी. ते सोडून देते. पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट निघालं असतं तर मात्र सोडता आलं नसतं, खतातून वजा करावंच लागलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादाही तीच आहे.

आता गरज किती? ताज्या पालकात प्रथिनं शंभर ग्रॅमला २.९ ग्रॅमच्या आसपास असतात. प्रथिनं ÷ ६.२५ = नत्र, म्हणजे किलोभर भाजीत साडेचार ग्रॅम. वाफ्यातून दोन किलो भाजी काढायची तर ती ९ ग्रॅम नत्र उचलून नेणार. मुळांसाठी आणखी एक-दीड ग्रॅम. गरज साडेदहा, हाताशी साडेसहा. कागदावर तरी ख पुरेसा किंवा किंचित कमी, ग भरपूर आणि घ फाजील ठरतो. बघू.

बी पेरलं. युरिया अजून नाही. युरिया मातीत पडला की युरीएज विकराने (एन्झाइमने) फुटतो, त्या जागचा सामू (पीएच) काही दिवस चढतो आणि अमोनिया सुटतो. कोवळ्या अंकुराला तो भाजून काढतो.

११ नोव्हेंबर

उगवण सगळीकडे सारखी. ओळीत दाटी आहे, विरळणी पुढच्या आठवड्यात.

१९ नोव्हेंबर

विरळणी आणि खुरपणी केली. चारही प्रकारांत डोळ्याला काही फरक नाही आणि असायलाही नको, अजून कोणाला काही दिलेलंच नाही. रोपं इवलीशी आहेत. पहिले दोन-तीन आठवडे पालक मातीतून फार थोडं नत्र उचलतो. खरी भूक त्यानंतर लागते आणि मग ती झपाट्याने वाढते. पेरणीच्या वेळीच सगळं खत देऊन मोकळं होण्यातला तोटा हाच: ज्या दिवसांत रोप खात नाही, त्याच दिवसांत पाण्याची प्रत्येक पाळी नायट्रेटला खाली ढकलत असते.

२६ नोव्हेंबर

पहिला हप्ता दिला. ख, ग आणि घ मिळून नऊ वाफे, प्रत्येकी ५ ग्रॅम नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे वाफ्याला १०.९ ग्रॅम युरिया. माझा काटा एका ग्रॅमच्या पायरीने चालतो, त्यावर अकरा ग्रॅम मोजणं म्हणजे अंदाजच. म्हणून १०९ ग्रॅम युरिया एकदम तोलला, दहा लिटर पाणी केलं आणि प्रत्येक वाफ्याला मापाने एकेक लिटर ओतलं. युरिया आधी लिटरभर पाण्यात विरघळवला तेव्हा भांडं बाहेरून गार पडलं. विरघळताना तो पाण्यातली उष्णता ओढून घेतो; हाताला स्पष्ट जाणवतं.

क च्या तीन वाफ्यांना तेवढंच साधं पाणी दिलं. मग सगळीकडे झारीने हलकं पाणी फिरवलं, पानांवरचं धुऊन निघावं आणि युरिया दोन-तीन बोटं खाली जावा म्हणून. फुटण्याआधी युरिया पाण्याबरोबर सहज हलतो, मातीला चिकटत नाही. वर राहून फुटला तर अमोनिया हवेत जातो. खाली जाऊन फुटला तर अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं. वाफसा असलेल्या जमिनीवर नुसते दाणे विस्कटून पुढच्या पाळीची वाट बघणं, हा खत उडवून लावायचा खात्रीचा मार्ग आहे.

४ डिसेंबर

आता फरक दिसायला लागला. क ची खालची पानं फिकट झाली आहेत, वरची हिरवी आहेत. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून चढतो. गंधकाची कमतरता असती तर कोवळी पानं आधी फिकटली असती. नुसतं ‘पिवळं पडलंय’ म्हणून युरिया टाकण्याआधी कुठलं पान पिवळं पडलंय हे वाकून बघितलं पाहिजे.

ख, ग, घ एकसारखे. हे तिघे आत्तापर्यंत खरोखर एकसारखेच आहेत.

६ डिसेंबर

दुसरा हप्ता ग आणि घ ला. पद्धत तीच.

११ डिसेंबर

आज चूक झाली आणि ती माझीच. नळी ग-३ मध्ये सोडून मी विरळलेली रोपं उचलायला गेले आणि विसरले. परत आले तेव्हा वाफा काठोकाठ भरला होता, वाटेवरूनही पाणी वाहत होतं. नळीच्या वेगावरून पाहता वाफ्यात किमान ६० लिटर जास्तीचं पाणी मुरलं, म्हणजे ६० मिलिमीटर.

नायट्रेट ऋणभारित असतं आणि मातीचे कणही ऋणभारित, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं तिथे काही नाही. ते पाण्याबरोबर चालतं. माझ्या मातीत भिजल्यावर घनफळाचा साधारण पाव भाग पाणी राहतं. मग ६० मिलिमीटर जादा पाणी आधीच्या पाण्याला, आणि त्यातल्या नायट्रेटला, ६० ÷ ०.२५ = २४० मिलिमीटर खाली ढकलतं. जवळपास वीतभर. पालकाची बरीचशी मुळं वरच्या फूटभरातच असतात.

पाच दिवसांपूर्वीच्या हप्त्याचा काही भाग अजून अमोनियमच असेल, त्याचं नायट्रेट झालं नसेल, तो वाचला असेल. पहिल्या हप्त्याचं नायट्रेट मात्र आवाक्याबाहेर गेलं असं धरून चालते. ग-३ मोजणीतून काढून टाकणार नाही, त्याची वेगळी नोंद ठेवणार. पाणी आणि नत्र या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे याहून चांगलं दाखवणारा वाफा ठरवूनही बनवता आला नसता.

१५ डिसेंबर

तिसरा हप्ता, फक्त घ ला. कापणी साधारण दहा दिवसांवर आली आहे.

संध्याकाळी शेजारचे काका वाटेवरून चालत गेले आणि घ-१ पाशी थांबले. त्यांना कोणत्या वाफ्याला काय दिलं ते माहीत नाही. म्हणाले, “हा बघ कसा तरारलाय. बाकीच्यांना पण असंच दे की.” घ चा रंग खरंच गडद आहे, काळपटाकडे झुकणारा. ग त्याच्या जवळपास. ख हिरवागार, पण शेजारी घ असला की उगाच फिका वाटतो. काकांना मी एवढंच म्हटलं, “काका, कापणीच्या दिवशी काट्यापाशी या.”

ग-३ ची खालची पानं फिकट झाली आहेत. अपेक्षेप्रमाणेच.

२१ डिसेंबर

ढग. दिवसभर ऊन नाही.

२४ डिसेंबर

चौथ्या दिवशीही आभाळ भरलेलं. कापणी आज ठरली होती. ती पुढे ढकलली आणि सकाळी सात वाजता देठांचा रस मोजला.

प्रत्येक वाफ्यातून पूर्ण वाढलेली पानं घेतली, देठ वेगळे केले, बारीक चिरून लसूण ठेचायच्या दाबकातून रस काढला. एक मिलि रस, १९ मिलि शुद्ध पाणी. विसाव्या भागाइतकं पातळ केल्याशिवाय पट्टी थेट शेवटच्या रंगावर जाते, शिवाय रसाचा हिरवेपणा मधे येतो. पट्टीवर २५, ५०, १००, २५० अशा पायऱ्या आहेत. मधलं डोळ्याने ठरवायचं, म्हणून दशांशात बोलण्यात अर्थ नाही.

क २५ च्या वर, ५० च्या खाली. ख १००. ग १०० आणि २५० च्या मधे. घ सरळ २५०. वीसने गुणलं तर घ च्या देठात लिटर रसाला ५००० मिलिग्रॅम नायट्रेट. ख त्याच्या निम्म्याहूनही कमी.

ढगाळ दिवसांनी हे का वाढतं, ते लिहून ठेवते, कारण माझ्या लेखी सगळ्या प्रयोगाचं मूळ इथे आहे. मुळं नायट्रेट उचलतात ते ऊन असो वा नसो. पानात त्याचं प्रथिन व्हायचं तर आधी नायट्रेट रिडक्टेज हे विकर लागतं. त्याच्या गाभ्यात मॉलिब्डेनम असतं आणि त्याचं काम उजेडावर चालू-बंद होतं. त्यापुढच्या पायऱ्यांना लागणारी शक्ती आणि कर्बाचा सांगाडा, दोन्ही प्रकाशसंश्लेषणातून येतात. ऊन नसलं की उचल चालू आणि वापर थंडावलेला. वर आणखी एक गोष्ट: पेशीला फुगून ताठ राहायला आत काहीतरी विरघळलेलं हवं. उन्हात ते काम शर्करा आणि सेंद्रिय आम्लं करतात. त्यांची चणचण झाली की रोप त्यांच्या जागी नायट्रेटच भरून ठेवतं. म्हणजे ढगाळ हवेत खत वाढवलेली, टवटवीत ताठ दिसणारी भाजी तो ताठपणा काही अंशी नायट्रेटच्या जोरावर धरून असते.

एक मौजेची बाब. प्रथिनं मोजायची जुनी रीत योहान केल्डाल याने १८८३ साली मांडली: आम्लात उकळून सगळं नत्र अमोनियात आणायचं आणि ते मोजायचं. पण त्या मूळ रीतीत नायट्रेटचं नत्र धड पकडलं जात नाही. म्हणजे ३ नोव्हेंबरच्या माझ्या साडेचार ग्रॅमच्या हिशोबात साठलेलं नायट्रेट बहुधा धरलेलंच नाही. घ साठी तो आकडा थोडा वाढवायला हवा.

२७ डिसेंबर

काल आणि आज लख्ख ऊन.

सकाळी सातला पुन्हा रस काढला: ख ५० आणि १०० च्या मधे, घ अजूनही २५०. दुपारी चारला तेच वाफे, त्याच वयाची पानं: ख ५०, घ १०० आणि २५० च्या मधे. म्हणजे दोन दिवसांच्या उन्हाने थोडं उतरलं आणि एका दिवसात सकाळपासून दुपारपर्यंत आणखी उतरलं. दोन सकाळी मोजल्या म्हणून बरं झालं, नाहीतर ऊन आणि वेळ यांचा परिणाम एकमेकांत मिसळून गेला असता. खत तेच, माती तीच. फक्त कापणी तीन दिवस लांबली आणि सकाळची दुपारवर आली, तेवढ्यात ख च्या देठातलं नायट्रेट निम्मं झालं. यासाठी एक दमडी लागली नाही.

दुपारी कापणी केली. काका काट्यापाशी होते.

क: १.२, १.१, १.३ किलो.
ख: १.८, १.९, १.७.
ग: २.०, २.१ आणि बुडालेला ग-३ १.७.
घ: २.१, १.९, २.१.

ग चे दोन धड वाफे धरले तर सरासरी दोन किलोच्या किंचित वर, घ ची तेवढीच. एकाच प्रकारच्या दोन वाफ्यांत जेवढा फरक पडला, तेवढाही ग आणि घ मधे नाही. पहिल्या ५ ग्रॅमने सहाशे ग्रॅम भाजी वाढवली. दुसऱ्या ५ ग्रॅमने अडीचशे. तिसऱ्याने वजन वाढलं नाही, रंग तेवढा वाढला. काकांनी घ-२ आणि ख-२ च्या जुड्या दोन हातांत धरून बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, “मग हा काळपटपणा कशाचा?” मी देठाच्या पट्ट्या दाखवल्या.

ग-३ ला ख च्या दुप्पट खत मिळालं होतं आणि वजन ख पेक्षा कमी भरलं. तासाभराच्या नळीने एक अख्खा हप्ता नेला.

घ च्या पानांचा नुसता पात्याचा रसही काढला, देठ वगळून: १००, म्हणजे २०००. ख चं पातं २५. देठाचा आकडा पूर्ण भाजीला लावायचा नसतो, पात्यात नेहमीच कमी असतं. वजनाचा तिसरा हिस्सा देठ धरला, तर दुपारच्या उन्हातही घ ची भाजी किलोला अडीच-तीन हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी २०११ च्या नियमात ३५०० ची मर्यादा घातली आहे. २४ तारखेच्या ढगाळ सकाळी मी कापणी केली असती, तर घ त्या रेषेच्या फार जवळ असता. ख हजाराच्याही खाली आहे.

हे आकडे घाबरवायला लिहीत नाही. नायट्रेट स्वतः फारसं घातक नाही आणि भाज्यांतल्या नायट्रेटने रक्तदाब थोडा उतरतो हेही दिसून आलं आहे. धोका ते नायट्राइट झाल्यावर, आणि तोही मुख्यतः अगदी लहान बाळांना; शिजवून बराच वेळ बाहेर ठेवलेल्या पालकात हे घडू शकतं. तरी रोजच्या सेवनाची मान्य मर्यादा शरीराच्या किलोमागे ३.७ मिलिग्रॅम आहे. बारा किलोच्या मुलाला ४४ मिलिग्रॅम. किलोला २५०० असलेल्या भाजीच्या अठरा ग्रॅममध्येच तेवढं येतं. एवढ्याशा घासाचा विचार करून मला शेवटचा हप्ता द्यावासा वाटत नाही. विशेषतः त्याने वजनही वाढत नसताना.

२९ डिसेंबर

कापणीनंतरची माती मोजली. क १० च्या खाली. ख १० च्या आसपास. ग २५. ग-३ त्याहून कमी. घ ५०.

घ चा हिशोब: ५० ÷ २ = २५ पीपीएम, गुणिले ०.३९, म्हणजे चौरस मीटरला पावणेदहा ग्रॅम. पेरणीच्या दिवशी होतं त्याच्या दुप्पट! अख्खा तिसरा हप्ता आणि जवळजवळ दुसराही तिथेच पडून आहे. आत गेलेलं साडेएकवीस, भाजी आणि मुळांनी नेलेलं साधारण अकरा, शिल्लक दहा. ताळा इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. पहिला जोराचा पाऊस आला की हे विहिरीच्या दिशेने निघणार.

क च्या वाफ्यातून सव्वा किलोच्या आसपास भाजी निघाली ती मातीतल्या आणि कंपोस्टमधल्या नत्रावर. किलोला साडेचार धरले तर पाच-साडेपाच ग्रॅम होतात, हाताशी साडेसहा होतं. हाही ताळा बसतो.

पुढच्या पेरणीसाठी ठरलं ते असं. दोन-तीन खरी पानं आली की आधी मातीची पट्टी. २० पीपीएमच्या वर असेल तर वरखत नाही. खाली असेल तर कमी पडणारं तेवढंच, एका हप्त्यात, पाण्यातून, आणि कापणीआधी तीन आठवडे हात आखडता. ख आणि ग यांच्या मधली एक मात्रा, साडेसात ग्रॅमची, तेवढी मी बघितलेली नाही. ती या वेळी घेणार.

३ जानेवारी

क, ख आणि ग चे वाफे पुन्हा पालकासाठी तयार केले.

घ च्या तिन्ही वाफ्यांत मका दाट पेरला, खत न देता. कणसासाठी नाही, त्याची मुळं पालकाच्या कितीतरी खाली जातात आणि त्याला नत्राची भूक मोठी. फुलोऱ्याआधी कापून कंपोस्टात टाकणार. पेरण्याआधी घ च्या वाफ्यांत दोन फूट खोलीवरची मातीही काढून पट्टी लावली, २५ आली. मका दोन हात उंच झाला की त्याच खोलीवर परत बघायचं आहे.

काका आज त्यांच्या वाफ्यातली मूठभर ओली माती पिशवीत घालून घेऊन आले. पट्टी ५० दाखवते. त्यांनी युरियाची पिशवी परत बांधून ठेवली.